भट्टी आणि सर्व्हर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. इंडक्शन भट्टीची तांब्याची कॉइल आतून पोकळ असते आणि तिच्यातून सतत पाणी खेळवावे लागते. वीज गेली तरी पाणी थांबून चालत नाही, म्हणून उंचावर टाकी ठेवतात. वीज आत घ्यायची तर उष्णता बाहेर काढायची सोय आधी हवी. संगणकाचा इतिहासही हेच सांगतो.

अमेरिकेतला एनिअ‍ॅक १९४६ साली जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. थंड ठेवायला मोठे ब्लोअर होते. शिवाय कपाटात उष्णता वाढली की वीज तोडणारे थर्मोस्टॅट. व्हॉल्व्ह जास्त करून यंत्र चालू-बंद करताना जात, म्हणून ते शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला. त्यातही सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते.

पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या. आता उष्णतेची कटकट संपली असे वाटावे, तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त भाग बसू लागले. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाची सर्किटे तर चक्क एका द्रवात बुडवून ठेवलेली होती! अर्थात तो द्रव विजेचा वाहक नव्हता.

आता शिरोलीत परत येऊ. आमच्या नात्यातल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर उन्हाळ्यात भर दुपारी आपोआप बंद पडायचा आणि संध्याकाळी मुकाट चालू व्हायचा. चलन निघेना, भरलेला ट्रक गेटवर उभा. आधी सॉफ्टवेअरवर संशय, मग विजेवर. पोरांनी अर्थिंग तपासले, यूपीएस बदलून पाहिला, सर्व्हरचा पॉवर सप्लायही बदलला. फरक शून्य. नवा सर्व्हर घ्यायचे जवळजवळ ठरले होते.

शेवटी एकाने वायर काढून झाकण उघडले. पंखा ठीक होता, पण प्रोसेसरवरच्या हीट सिंकच्या पट्ट्यांत वाळू आणि कोळशाच्या बारीक धुळीचा काळा थर बसला होता. पंखा फिरायचा, पण हवा आरपार जात नव्हती. पंख्याची पाती धरून हवेच्या झोताने धूळ काढली, तपमान उतरले आणि दुपारचे बंद पडणे थांबले.

मला यात गंमत वाटली ती अशी. सगळे ज्याला बिघाड म्हणत होते, तो बिघाड नव्हताच. एनिअ‍ॅकच्या थर्मोस्टॅटसारखेच या यंत्रानेही जळण्याआधी स्वतःला वाचवले होते. कॉइलचे पाणी क्षणभरही थांबू न देणारी ही माणसे सर्व्हरची हवा मात्र विसरली होती, कारण भट्टी धगधगताना दिसते आणि सर्व्हर बिचारा कोपऱ्यात गप्प असतो.

असो. तुमच्याकडचे यंत्र ठरावीक वेळी बंद पडत असेल, तर नवे घेण्याआधी वीज कुठून येते आणि उष्णता कुठून जाते, एवढे दोन रस्ते जरूर पाहा.