दारातलं धरणं आणि दाव्याचा अर्ज

परवा दुपारी शेजारच्या वहिनी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत एका हॉलिडे क्लबचं रंगीत सदस्यपत्र आणि पावत्या. (क्लबचं नाव इथे देत नाही.) "सर, मुदत संपून दोन वर्षं झाली. कंपनी दिवाळ्यात गेली म्हणतात. एजंटाच्या दारात जाऊन बसू का? पैसे मिळेपर्यंत उठणार नाही!" आणि हा एजंट कोण, तर त्यांचाच मावसभाऊ.

मंडळी, जन्मभर इतिहास शिकवल्याने मला एकदम पेशवाई आठवली. १८१९च्या अहवालात एल्फिन्स्टनने आपल्याकडच्या तगाद्याचं वर्णन केलं आहे. कूळ बरोबरीचं असेल तर सावकार त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवी. कूळ वरचढ असेल तर त्याच्याच उंबऱ्यावर उपाशी बसे. मग ऋणकोलाही जेवता येत नसे. हाच धनकोचा हक्क! पुढे इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत, कलम ५०८ मध्ये, दैवी कोपाची भीती घालून दारात बसणं हा गुन्हा ठरवला. तिथे उदाहरणच धरण्याचं दिलं होतं.

धरण्यात खोट अशी, की ज्याचा आवाज मोठा त्याचे पैसे आधी. बाकीच्यांच्या वाट्याला रिकामी तिजोरी. दिवाळखोरीचा कायदा आला तो याच्यासाठी. मालमत्ता एकत्र करायची आणि ठरलेल्या क्रमाने वाटायची.

मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जचं उदाहरण घ्या. हॉटेलातल्या मुक्कामाच्या रात्री आगाऊ विकायच्या आणि न वापरल्यास मुदतीनंतर पैसे परत, अशी योजना. सेबीने ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली, आणि २०१६ साली सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितलं. २०१७ मध्ये अपील फेटाळलं गेलं. २०२२ मध्ये कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीत गेली. ५१ लाख माणसांनी कुणाच्या दारात बसायचं?

२०१६च्या दिवाळखोरी संहितेनुसार प्रकरण दाखल करून घेतलं की स्थगिती लागते. कंपनीविरुद्ध एकेकट्याची वसुली थांबते. जाहीर सूचना निघते. मुदतीत पुराव्यासह दावा दाखल करायचा. जो करत नाही, तो हिशेबात धरला जात नाही. कंपनी मोडीत काढायची वेळ आली, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले धनको आणि कामगार, मग इतर कर्मचारी, त्यानंतर तारण नसलेले वित्तीय धनको. त्यांच्याही खाली सरकारी देणी. भागधारक सर्वांत शेवटी.

इथेच 'सदस्य' हा शब्द फसवा आहे. कंपनी कायद्यात सदस्य म्हणजे भागधारक. वहिनी तशा सदस्य नाहीत, त्यांनी शेअर घेतलेले नाहीत. सदस्यपत्रावर सोनेरी अक्षरात काहीही छापलेलं असो, कंपनी त्यांचं देणं लागते, म्हणून त्या धनको. रांगेत त्या पुढे नाहीत, पण शेवटीही नाहीत.

हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे सगळे मिळतील?" खोटं बोलवेना. म्हटलं, "बहुधा नाहीत. पण अर्ज नाही केला तर काहीच नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना माहीत नाही. माझ्या शिवणाचे पैसे होते."

नातवाने इंटरनेटवर सूचना शोधली. मुदतीला अकरा दिवस बाकी होते. आम्ही पावत्या तारीखवार लावल्या, झेरॉक्स काढल्या, अर्ज भरला. एक पावती सापडेना. तेव्हा वहिनींनी मावसभावाला फोन केला. तो स्वतःची वही घेऊन आला, आणि वहिनींच्या अर्जाखाली त्याने स्वतःचाही अर्ज भरायला ठेवला. त्याचेही पैसे त्यातच अडकले होते.

धरणं धरलं असतं तर हे कळलंच नसतं. असो. तुमच्या कपाटात असा एखादा रंगीत कागद असेल, तर आजच काढून तारीख बघा.