संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (रस्तामार्ग)
मुंबई उपनगर व ठाणे जिल्ह्यांतील सुमारे १०४ चौ. किमी.चे संरक्षित वन. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत. अंधेरीहून महामार्गाने सरळ उत्तरेस यावे. मुलुंड-घाटकोपरकरांना डोंगररांग आडवी येते. त्यांना जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता किंवा ठाण्याहून घोडबंदर रस्ता धरावा लागतो. सोमवारी उद्यान बंद. कान्हेरी लेणी आत सुमारे ६ किमी.वर, तिथे आदिवासी बाया काकड्या-करवंदे विकतात, माकडे हातातली पिशवी हिसकावतात. आफ्रिकेतल्या काही गवताळ उद्यानांप्रमाणे स्वतःची मोटार घेऊन सिंहांत हिंडता येत नाही. सिंह-वाघांची सफारी वनखात्याच्या जाळी लावलेल्या बसमधून होते. बिबटे मात्र मोकळे. भोवतालचे रस्ते ओलांडताना कित्येक बिबटे वाहनांखाली मेले आहेत, म्हणून रात्री या पट्ट्यात गाडी सावकाशच चालवावी.