खटला, वृत्तपत्र आणि स्वाक्षरी : रखमाबाई प्रकरणाचे एक वाचन

एकच दावा दोन ठिकाणी चालू शकतो. न्यायालयात तो वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश यांच्यात चालतो. वृत्तपत्रात तो लेखक आणि वाचक यांच्यात चालतो. या दोन व्यवहारांचे नियम भिन्न आहेत. न्यायालय ठरावीक मुद्द्यांपुरतेच ऐकून घेते, तर वृत्तपत्राला मुद्द्यांपेक्षा माणूस हवा असतो. पक्षकाराने वृत्तपत्राचा आश्रय घेतला की त्याकडे न्यायाधीशावर दडपण आणण्याची युक्ती म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या १८८४ ते १८८८ दरम्यान मुंबईत चाललेल्या दाव्यातील लेखन पाहता मात्र एक वेगळी शक्यता पुढे येते. कायद्याच्या दृष्टीने जो प्रश्न अप्रस्तुत होता, तो विचारण्यासाठी वृत्तपत्राखेरीज दुसरी जागाच प्रतिवादीपाशी नव्हती. त्या जागेची किंमतही तिला मोजावी लागली, आणि ती भाषेची होती.

प्रकरणाचा तपशील थोडक्यात असा. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाला. पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत आणि सावत्र वडिलांच्या घरीच शिकत राहिल्या. गिरगावातील प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना मायलेकी नियमाने जात. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात, १८८६ मध्ये, मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा सुनावणीस पाठविले. आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी, असा हुकूम दिला. आपण कैद पत्करू, असे रखमाबाईंनी कळविले.

या चौकटीत लेखनाच्या तारखा ठेवून पाहिल्या पाहिजेत. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या इंग्रजी सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. २६ जून १८८५ चे पत्र बालविवाहावर, तर १९ सप्टेंबर १८८५ चे पत्र सक्तीच्या वैधव्यावर होते. दुसरे पत्र छापून आले ते पिन्हींच्या निकालाच्या अवघे दोन दिवस आधी. पत्रांचा विषय समग्र स्त्रीजातीची स्थिती हा होता, आणि सही व्यक्तिनामाऐवजी जातिवाचक होती. दावा न्यायप्रविष्ट असताना प्रतिवादीने स्वतःच्या प्रश्नावर लिहिण्याचा हा एक मार्ग होता: 'मी' सांगावयाचे, पण 'आम्ही'च्या आडून. निनावीपणाला आपण सहसा भीतीचे किंवा विनयाचे चिन्ह मानतो. येथे तो संहितेच्या रचनेचाच भाग आहे. नावाची सही असती तर तो मजकूर एका पक्षकाराची कैफियत म्हणून वाचला गेला असता. नाव नसल्यामुळे तो साक्ष म्हणून वाचला गेला.

न्यायालयातील कैफियत मात्र वेगळी होती. तेथे दादाजींचे दारिद्र्य, त्यांची प्रकृती, ते ज्या मामांच्या घरी राहत त्या घरातील वातावरण असे मुद्दे मांडणे भाग होते. बालवयात झालेल्या विवाहाला आपली संमती नव्हती, हा रखमाबाईंचा मूळ आक्षेप होता. पण हिंदू विवाहात वधूच्या संमतीचा प्रश्न कायद्याने उद्भवतच नव्हता. पिन्हींनी हा आक्षेप नैतिक पातळीवर ऐकला. असा दावा इंग्लंडमधून येथे आणला गेलेला आहे, हिंदू शास्त्रात त्याला आधार नाही, आणि अजाण वयात विवाह झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नांदावयास लावणे रानटीपणाचे होईल, अशी त्यांची भूमिका होती. अपील न्यायालयाने कायद्याचा मुद्दा कायद्यापुरताच पाहिला. तेव्हा संमतीचा प्रश्न न्यायालयातून पुन्हा वृत्तपत्रात परतला, आणि या वेळी निनावीपणा उरला नव्हता.

पिन्हींच्या निकालानंतर पक्ष उघड पडले होते. बेहरामजी मलबारींचे 'इंडियन स्पेक्टेटर' रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले, तर विश्वनाथ नारायण मंडलिकांनी सुरू केलेले 'नेटिव्ह ओपिनियन' दादाजींच्या बाजूने. टिळकांच्या बाजूचे लेखन या वर्तनात इंग्रजी शिक्षणाचा परिणाम पाहत होते आणि परकीय न्यायालयाने हिंदू गृहव्यवस्थेत हात घालू नये असे म्हणत होते. यातील आंतरविरोध नोंदविण्याजोगा आहे: पतीला न्यायालयाची दारे ठोठावता येतात, हा हक्कच मुळात इंग्रजी होता. इंग्लंडने असा हुकूम मोडल्याबद्दलची कैदेची शिक्षा १८८४ मध्ये रद्द केली. हिंदुस्थानात ती राहिली. परंपरेच्या नावाने ज्याचे रक्षण होत होते, ते मायभूमीत टाकून दिलेले एक विलायती हत्यार होते.

१८८७ मध्ये दोन्ही पक्षकार स्वतःच्या नावाने वाचकांसमोर आले. ९ एप्रिलला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रखमाबाईंचे पत्र छापून आले. ते राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते, आणि त्या निमित्ताने राणीने हिंदू विवाहविषयक कायद्यात मुलामुलींच्या वयाची अट घालावी, अशी विनंती त्या पत्रात होती. दादाजींनी आपली बाजू मांडणारी इंग्रजी पुस्तिका काढली. पत्नीच्या नकारामागे तत्त्व नसून मालमत्तेचा स्वार्थ आणि माहेरची फूस आहे, असा तिचा रोख होता. रखमाबाईंचे उत्तर २९ जून १८८७ च्या 'बॉम्बे गॅझेट'मध्ये आले. 'हिंदू स्त्री'च्या पत्रांतील सामान्य विधानांची जागा आता तारखा, नातेवाईक आणि पैसा यांनी घेतली. सार्वजनिक झालेल्या दाव्यात व्यक्तीला प्रतिनिधी व्हावे लागते आणि प्रतिनिधीला पुन्हा स्वतःच्या घरचे दरवाजे उघडावे लागतात, हे येथे स्पष्ट दिसते. हा न्याय दादाजींनाही लागू झाला. त्यांचे दारिद्र्य आणि त्यांचे आजारपणही चव्हाट्यावर आले.

प्रकरणाचा शेवट न्यायाने झाला नाही. व्हिक्टोरिया राणीने हस्तक्षेप करून विवाह रद्द केला, अशी हकीकत लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. वस्तुतः जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. विवाह कायद्याने मोडला नाही. ज्या स्त्रीचे नाव विलायतेपर्यंत पोचले होते तिला तुरुंगात धाडणे सरकारलाही अवघड झाले होते. वृत्तपत्रांनी केले ते एवढेच. राणीची दंतकथा मात्र अर्थपूर्ण आहे. पत्र ज्या वाचकाला उद्देशून लिहिले होते, त्या वाचकाने उत्तर दिलेच असले पाहिजे, ही अपेक्षा दंतकथेने पुरी केली.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. रखमाबाईंच्या शेजारी ताराबाई शिंदे यांना ठेवून पाहावे. 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हे पुस्तकही एका खटल्यातूनच निर्माण झाले. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये शिक्षा झाली, आणि त्यावर वृत्तपत्रांत जे स्त्रीनिंदक लेखन झाले त्याला ताराबाईंनी बुलढाण्याहून मराठीत उत्तर दिले. त्यांचा वाचक समोरचा मराठी पुरुष होता. त्या पुस्तकाच्या वाट्याला उपेक्षा आली; १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. रखमाबाईंचा वाचक राज्यकर्ता होता. त्यांना कीर्ती मिळाली, पण मराठी गद्याच्या इतिहासात जागा मिळाली नाही. मोहिनी वर्दे यांच्या चरित्राने १९८२ मध्ये त्यांना मराठी वाचकांपुढे आणले, ते मुख्यतः डॉक्टर आणि सुधारक म्हणून. मराठीत भांडणारी स्त्री ऐकली गेली नाही. इंग्रजीत ऐकली गेलेली स्त्री मराठीची राहिली नाही.

ही कोंडी लेखिकांच्या निवडीतून आलेली नाही. ज्यांच्याशी वाद घालावयाचा ते आणि ज्यांच्या हाती निर्णय ते एक नव्हते, म्हणून ती आली. रखमाबाई १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, आणि परतल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे काम केले. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचा वेष स्वीकारला. जो विवाह आपण मान्य केला नाही असे त्या सर्व जगाला सांगत आल्या, त्याची खूण त्यांनी अंगावर घेतली. या कृतीचे स्पष्टीकरण देणारे पत्र कोणत्याही वृत्तपत्राला गेले नाही. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि १९२३ मध्ये रद्द झालेली कैदेची शिक्षा यांचा संबंध आपण या खटल्याशी जोडतो, आणि तो योग्यच आहे. परंतु नांदावयास येण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अद्याप आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरविले, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. 'हिंदू स्त्री'ची ती दोन पत्रे म्हणूनच मराठी समीक्षेने आपल्या संहितांमध्ये धरावीत. ती इंग्रजीत आहेत ही त्यांना वगळण्याची सबब होऊ शकत नाही. ती इंग्रजीतच का लिहावी लागली, येथून त्यांचे वाचन सुरू व्हावयास हवे.