केपला गेलेला माणूस

आमच्या खाडीकाठच्या गावात कुणी फार दिवस परतला नाही, की म्हाताऱ्या बायका विचारायच्या, ‘केपला गेला काय?’ मुंबईला गेलेला माणूस ईदला येतो, आखातात गेलेला दोन वर्षांनी येतो. केपला गेलेल्याचं काही खरं नाही. हे केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन. विसाव्या शतकाच्या आरंभी रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातून, मुरूड-जंजिऱ्याच्या हबसाणातून, कितीतरी कोकणी मुसलमान पुरुष तिकडे गेले. माझे पणजोबा त्यांतले एक. आमच्या घरातून समुद्र ओलांडणारे ते पहिले.

दक्षिण आफ्रिकेतले हिंदी लोक म्हटलं, की आपल्याला नाताळचे ऊसमळे आठवतात, १८६० पासून मद्रास-कलकत्त्याहून तिकडे नेलेले गिरमिटिये आठवतात आणि गांधीजी आठवतात. कोकणातला माणूस गिरमिटिया नव्हता. तो स्वतःचं, बहुधा कर्ज काढून घेतलेलं, तिकीट खिशात ठेवून गेला. अशांना तिकडे ‘पॅसेंजर’ म्हणत. शब्द ऐकला, की एखादा पेढीवाला व्यापारी डोळ्यांपुढे येतो. पण पणजोबांसारखे अनेक जण हमाली करत, हातगाडीवर भाजी विकत, दुसऱ्याच्या दुकानात राबत. गावी काय होतं? कातळ, भाताचं एक पीक आणि डोक्यावर खोत. तिकडे १८९९ ते १९०२ बोअर युद्ध झालं, बंदर गजबजलं, हातांना काम मिळू लागलं.

घरात त्यांची आठवण होती ती एवढीच, की ते एकदा आले, लग्न केलं, आणि मुलगा जन्मण्याआधीच परत गेले. काही वर्षं पैसे आले, मग थांबले. तिकडे त्यांनी मलायी बाई केली आणि इकडची चूल विसरले. घराचा निकाल हा असा लागलेला होता. माझी फुफी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, हे सगळं आपल्या दादीकडून ऐकलेलं सांगायची. तिची दादी ती माझी पणजी, मागे राहिलेली बायको.

कागद मिळाले ते अलीकडे. केप टाउनला रोलंड स्ट्रीटवर सरकारी दफ्तरखाना आहे. तिथे पूर्वी तुरुंग होता. त्या दफ्तरात इमिग्रेशन खात्याच्या जुन्या फायली आहेत. आमच्या आडनावाने शोधून काही सापडेना, कारण तिथल्या कारकुनाने पणजोबांच्या वडिलांचं नाव हेच त्यांचं आडनाव करून टाकलं होतं. अशाने एका गावच्या माणसांची तिकडे वेगवेगळी घराणी झाली. शेवटी गावाच्या नावावरून शोध लागला, तेही तीन तऱ्हांनी लिहिलेलं. तिथल्या एका नातलग शिक्षिकेने चिकाटीने फाइल काढून तिच्या नकला पाठवल्या.

पहिला कागद १९०९ सालचा परवाना. वय सत्तावीस, डाव्या भुवईवर व्रण, धंदा मजुरी, पत्ता हॅनोव्हर स्ट्रीटजवळच्या गल्लीतला. खाली अंगठा. आणि फोटो. डोक्यावर फेझ टोपी, अंगात खांद्याला न बसणारा कोट, नक्कीच मागून आणलेला. आमच्या घरात त्यांचं एकही चित्र नव्हतं. जे एक आहे ते सरकारने काढायला लावलेलं आहे, हा माणूस परत येताना दुसऱ्याच कुणाला आपल्या नावावर आणील या संशयापोटी.

हा परवाना काय होता ते जरा सांगायला हवं. केप वसाहतीने १९०२ साली कायदा केला, की नव्याने येणाऱ्याला युरोपातल्या एखाद्या भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. आमच्या लोकांना दार बंद झालं, पण आधीच आत असलेल्यांना राहता येत होतं. मग १९०६ चा कायदा आला. आत असलेल्या हिंदी माणसाला मायदेशी जाऊन परत यायचं असेल तर एक पौंड भरून, फोटो देऊन परवाना घ्यायचा, आणि मुदतीत परतायचं. मुदत एक वर्षाची. ती चुकली, की तो ‘प्रतिबंधित’, बंदरावरूनच माघारी. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या सभेत ट्रान्सवालच्या नोंदणी कायद्याविरुद्ध शपथ घेतली गेली, ती आपण शाळेत शिकलो. केपच्या परवान्याची गोष्ट मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हती.

आता तारखा पाहा. परवाना ऑक्टोबर १९०९ चा, म्हणजे ऑक्टोबर १९१० पर्यंत परत पोचायचं. समुद्रप्रवासातच आठवड्यामागून आठवडे जाणार. त्यात पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरची आगबोट बंद. फुफी म्हणायची, ‘शेवटच्या बोटीने गेले, पोरगा पोटात असताना.’ घरातल्या बायकांनी याला निष्ठुरपणा म्हटलं. पण ते आणखी थांबते तर केपची रोटी कायमची गेली असती.

फाइलमधला दुसरा कागद १९१५ चा, बायको-मुलाला तिकडे नेण्यासाठी केलेला अर्ज. त्याआधी १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम या मुस्लिम स्त्रीच्या खटल्यात निकाल दिला होता. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न केपच्या कायद्याला मान्य नव्हतं. हजारो बायका कायद्यापुढे बायकाच उरल्या नाहीत. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबा आणि इतर स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यामागे हा निकाल होता. १९१४ च्या कायद्याने एका बायकोपुरती वाट मोकळी झाली. पणजोबांचा अर्ज त्यानंतरच्याच वर्षी आलेला दिसतो. म्हणजे घरी समजत होते तितके विसरलेले ते नव्हते.

अर्जावर शेरा आहे, की लग्नाबद्दल हिंदुस्थानातल्या मॅजिस्ट्रेटचा दाखला आणावा. त्यापुढे कागद नाही. पुढचं फुफीच्या आठवणीत आहे. तिची दादी एकदा भरतीवर होडीने महाडला गेली होती. ‘केपच्या कागदावर’ अंगठा द्यायला. कचेरीत दोन दिवस बसून परत आली. दुसऱ्या खेपेला घरातल्या मोठ्यांनी तिला जाऊ दिलं नाही. बाईमाणसाने पोर घेऊन एवढा दर्या ओलांडायचा कसा, असं म्हणाले. ही आठवण फुफीने मला फाइल मिळण्याच्या कितीतरी वर्षं आधी सांगितली होती. तेव्हा ‘केपचा कागद’ म्हणजे काय, हे तिलाही माहीत नव्हतं.

पणजोबांनी १९१७ मध्ये केप टाउनमध्ये दुसरं लग्न केलं, हेही खरंच आहे. पैसे थांबले, हेही खरं. त्यातलं किती कायद्याच्या खाती घालावं आणि किती त्यांच्या, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

शेवटचा कागद १९४१ चा मृत्यूनंतरचा सरकारी फॉर्म. तिथे अशा फॉर्मात आईबाप, जोडीदार, मुलं सगळ्यांची नावं भरतात, म्हणून वंशावळ शोधणाऱ्याला तो सोन्यासारखा. जन्मस्थळापुढे लिहिलंय ‘इंडिया’. आईबापाची नावं ‘माहीत नाही’. मुलं चार, त्यांत माझ्या आजोबांचं नाव नाही.

तो फॉर्म भरणाऱ्यांचं घर डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होतं. ११ फेब्रुवारी १९६६ ला तो भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. साठ हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली, घरांवर बुलडोझर फिरले, मशिदी आणि चर्चं तेवढी उभी राहिली. या हलवाहलवीत त्या कुटुंबाच्याही ट्रंका गेल्या. त्यामुळे पणजोबांचे आईबाप कोण, गाव कुठलं, ही विचारणा त्यांच्याकडूनच आमच्याकडे आली.

त्यांनी काढलेल्या वंशवृक्षात पणजोबांच्या शेजारी एक चौकट रिकामी होती. १९१५ च्या अर्जात तिथे फक्त ‘वाइफ’ लिहिलेलं आहे. महाडच्या कचेरीतला कागद कुठे गेला कुणास ठाऊक. फुफीकडून ऐकलेलं पणजीचं नाव मी देवनागरीत लिहून धाडलं. चार दिवसांनी त्या शिक्षिकेचा फोन आला. लिपी वाचता येत नाही, म्हणाली, तोंडाने सांगा. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग विचारलं, ‘लिहू कसं?’