दानाचा हिशेब कोणी मागायचा? धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीची कथा

१/ वर्गणीच्या पावतीवर, शाळेच्या फलकावर, वाचनालयाच्या शिक्क्यावर ‘नोंदणी क्रमांक’ छापलेला असतो. त्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे : दाता निवर्तल्यानंतर त्याने दिलेल्या धनाचा हिशेब कोणी मागायचा?

२/ जमीन वा रक्कम सार्वजनिक कार्यास अर्पण केली की ती दात्याची राहत नाही आणि विश्वस्तांचीही होत नाही. ज्यांच्यासाठी ती दिली ते लाभार्थी विखुरलेले, बहुधा गरीब, कित्येकदा अजून जन्मालाही न आलेले. मालमत्ता असते, तिची राखण करणारा धनी नसतो.

३/ १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९२ ने एक वाट दिली. न्यासात हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्तींनी महाधिवक्त्याची लेखी संमती घेऊन दावा लावावा. पण गावातील वजनदार विश्वस्ताविरुद्ध पदरमोड करून कोर्टाची पायरी चढणारे दोघे मिळणार कोठून?

४/ १९२० च्या कायद्याने न्यायालयात अर्ज करून हिशेब मागण्याची सोय केली. तरीही पहिले पाऊल नागरिकानेच टाकायचे होते. मुंबई इलाख्यात १९३५ साली सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा आणि १९३६ साली पारशी न्यासांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

५/ स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये सर्व धर्मांच्या न्यासांसाठी एकच कायदा केला आणि ‘धर्मादाय आयुक्त’ हे पद निर्माण केले. प्रश्न विचारण्याचा भार आता एकट्यादुकट्या धीट नागरिकावर राहिला नाही. तो शासनाने उचलला.

६/ उद्देश कोणता, विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हे सारे नोंदवहीत आले. विश्वस्त बदलले तर तेही कळवणे भाग पडले. हिशेबाची तपासणी सक्तीची झाली. स्थावर मालमत्ता विकण्याआधी आयुक्तांची मंजुरी आवश्यक ठरली. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थाही याच कक्षेत आल्या.

७/ मात्र राखणदार धनी होऊन बसला तर? एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी कायद्यास आव्हान दिले. १९५२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

८/ मार्च १९५४ मध्ये न्या. बी. के. मुखर्जी यांनी निकालपत्र लिहिले. नोंदणी, हिशेब, तपासणी हे सारे वैध. परंतु मूळ धार्मिक हेतू पार पाडणे शक्य असताना न्यासाचा पैसा दुसऱ्या कार्याकडे वळवता येणार नाही. धार्मिक न्यासावर आयुक्तांना विश्वस्त म्हणून बसवताही येणार नाही. ती कलमे तेवढ्यापुरती अवैध ठरली.

९/ न्यासांकडून घेतले जाणारे अंशदान हा कर नसून देखरेखीच्या खर्चासाठीचे शुल्क आहे, हेही याच निकालात ठरले. पैसा कोठे गेला, असे शासनाने अवश्य विचारावे. तो कोठे जावा, हे दात्याने ठरवलेले असते. ही सीमारेषा येथे आखली गेली.

१०/ राज्यघटनेत धर्मादाय संस्था हा विषय समवर्ती सूचीत आहे. केंद्रालाही त्यावर कायदा करता येतो. तरी सर्व धर्मादाय न्यासांची एकच राष्ट्रीय नोंदवही भारतात आजही नाही. १९६० मध्ये राज्याचे विभाजन झाले, तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी मुंबईचाच कायदा पुढे चालवला.

११/ या नोंदवहीचे मोल रुग्णालयाच्या दारात कळते. १९८५ मध्ये कायद्यात कलम ४१ कक आले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १०% दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. रुग्णालय न्यास म्हणून नोंदलेले आहे, म्हणूनच हातात पैसा नसलेला माणूस तेथे याचना करत नाही. तो हक्क सांगतो.