जालंधरची छावणी

जालंधरजवळच्या तल्हणच्या गुरुद्वाऱ्यात लोक खेळण्यातली विमानं वाहतात. नवस व्हिसाचा. माझ्या टीममधला जालंधरचा मित्र हे हसत सांगतो, पण त्याच्या आईनेही एक वाहिलंय.

मला मात्र तिथली छावणी जास्त खुणावते. पहिल्या शीख युद्धानंतर, १८४६ मध्ये, इंग्रजांनी हा दोआब घेतला आणि दोन वर्षांत छावणी वसवली. एप्रिल १९१९ मध्ये डायर इथूनच अमृतसरला गेला. पुढचं आपण शाळेत शिकलो.

शाळेत नव्हतं ते हे: पुढच्याच वर्षी, २८ जून १९२० ला, याच छावणीत कॅनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी हुकूम मानायला नकार दिला. इंग्रजी फौज आयर्लंडमध्ये काय करतेय ते त्यांच्या कानावर येत होतं, आणि अंगावर गणवेश त्याच फौजेचा. बंड सोलनपर्यंत पोहोचलं. तिथे पुढे झालेल्या जेम्स डॅलीला २ नोव्हेंबरला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. वय २०. त्या वयात मी सबमिशनच्या फायली भरत होतो.

परमुलखात गेलेल्या पोराचा जीव गावात अडकलेला असतो, हे जालंधरच्या घरांना वेगळं सांगायला नको. डॅलीला घरी पोहोचायला ५० वर्षं लागली. १९७० मध्ये त्याचे अवशेष आयर्लंडला नेले.