वीणा खाली ठेवायची नाही

आषाढी झाली, वारीला गेलेली माणसं माघारी आली की आमच्या मारुतीच्या देवळात पोथी लागायची. ती पार कार्तिकीपर्यंत. एखाद्या साली ‘पांडवप्रताप’, एखाद्या साली ‘हरिविजय’, कधी ‘रामविजय’. तिन्ही श्रीधरस्वामींचे ग्रंथ. 1702 ते 1712 या दहा वर्षांत ते लिहून झाले, हे मी पुढं कॉलेजात वाचलं. गावाला सालाशी काही देणंघेणं नव्हतं. पोथी आजोबाच्या आधीपासून चालत आली होती, एवढं पुरेसं होतं.

पोथी ऐकायची एक रीत होती. पाटावर पोथी, शेजारी कंदील. एकजण ओवी वाचायचा आणि थांबायचा. दुसरा तिचा अर्थ सांगायचा. आमच्या गावात अर्थ सांगणाऱ्या म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. चाळीस-पन्नास पावसाळे ऐकून ऐकून तो तयार झालेला. मधेच तो समोरच्याला विचारायचा, “काय रं, कळलं का? मग सांग बघू, कर्णाचं चाक का रुतलं?” पेंगणारा माणूस दचकून जागा व्हायचा. सांगता आलं नाही तर हसं व्हायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो कान टवकारून बसायचा. घरीही तसंच. आजी गोष्ट सांगायला लागली की कुणीतरी ‘हूं’ म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची.

दिवसभर भांगलून, मोट हाकून आलेली माणसं ही. त्यांचं मन काही आपल्यापेक्षा जास्त स्थिर नव्हतं. डोक्यात कर्ज होतं, आजारी बैल होता, भावकीचा बांध होता. पण लक्ष एकट्यानं सांभाळायचं नसतं, ते आपसांत वाटून घ्यायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. हरिनाम सप्ताहात तर हे डोळ्यांनी दिसायचं. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. एकाचे पाय भरून आले की दुसऱ्यानं ती गळ्यात घ्यायची. रात्री दोनच्या पहाऱ्याला कोण, पहाटे चारला कोण, हे आधी ठरलेलं. ज्याची पाळी असेल त्याला घरी जाऊन उठवायचं. कुणी म्हणायचं नाही की आज माझं मन लागत नाही.

या जुन्या गोष्टीला सोन्याचा मुलामा मी देणार नाही. आजी पोथी ऐकायची ती खांबाआडून. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं पाराखाली, उघड्यावर बसायची. पाऊस आला की देवळातल्यांची पोथी चालू राहायची आणि त्यांची बंद पडायची. सगळ्या गावानं एकत्र ऐकलं असं आम्ही म्हणतो, तेव्हा ‘सगळ्या’ या शब्दात कोण कोण होतं ते विचारून घ्यावं.

पुढं रेडिओ आला. इथं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, जी आपल्याच भागात घडली आणि आपणच विसरलो. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. कॅनडात शेतकऱ्यांची अशी श्रोतामंडळं 1941 पासून चालत होती, त्यावरून कल्पना घेतली. मराठी मुलखातली पाच जिल्ह्यांतली 150 गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, असे एकूण 20 कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे. खरी मेख पुढं होती. कार्यक्रम संपला की उठायचं नाही. ऐकलं त्यावर तिथंच बोलायचं, आपल्या गावात हे जमेल का ते ठरवायचं, आणि अडलेले प्रश्न केंद्राला कळवायचे.

त्याची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं तिचा अहवाल लिहिला. त्यांनी तीन तऱ्हेची गावं ताडून पाहिली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओही नसलेली. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत चांगली भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी दिसली नाही. पेटी तीच, आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक होता तो ऐकून झाल्यावर थांबण्याचा आणि एकमेकांना विचारण्याचा. आमच्या त्या म्हाताऱ्याचं ‘कळलं का?’ आणि पुण्याचं हे श्रोतामंडळ, दोन्हींचं मूळ एकच. 1959 पासून ही मंडळं देशभर नेली. पण हळूहळू मंडळं विरली आणि पेटी तेवढी उरली.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. 1987 साली ‘रामायण’ लागलं तेव्हा आमच्या गावात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. पण अर्थ सांगणारा कुणी नव्हता. बघायचं आणि उठून जायचं. मग घराघरात टीव्ही आला, आणि आता माणसागणिक मोबाईल. मोबाईलला मी शिव्या देत नाही. कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, सातबाऱ्याचा उतारा, मुंबईच्या लेकीचं तोंड, सगळं त्यातच दिसतं. पण एका खोलीत पाच माणसं पाच ठिकाणी असतात, हेही खरंच.

याची झळ आम्हाला पाण्यावरून बसली. एका टंचाईच्या उन्हाळ्यात ग्रामसभा भरली. पाझर तलावात उरलेलं पाणी प्यायला राखायचं की उभ्या पिकाला सोडायचं, हा प्रश्न. दीड तास सभा चालली. ठराव वाचला तेव्हा निम्मी मान खाली, मोबाईलमध्ये. दोन-तीन पोरं सभेचं चित्रीकरण करण्यात गुंग. हात वर झाले, ठराव पास झाला. आठ दिवसांत तलावावर मोटारी चालू झाल्या आणि मारामारीची वेळ आली. जो तो म्हणे, “आसं कुठं ठरलं हुतं?” खोटं कुणीच बोलत नव्हतं. ठरलं होतं ते खरं, पण ठरताना तिथं कुणी नव्हतं. त्या वर्षी वैशाखात बायकांनी दीड कोसावरून पाणी आणलं.

अशात सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव चर्चेत आलं. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली, शाळा उघडली तरी मोबाईल सुटेना. म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तेव्हा टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधला दीड तास मुलांचा अभ्यास, वाचन, घरातलं बोलणं. सुरुवातीला लोकांना आठवण करून द्यायला घरोघर फिरावं लागलं. सक्ती नाही, दंड नाही. मला त्यातली एकच गोष्ट फार मोलाची वाटली. एकट्या आईनं पोराचा मोबाईल काढून घेतला तर घरात भांडण होतं. साऱ्या गावाचा भोंगा वाजला तर ती गावाची वेळ होते. पोराला वाटत नाही की आपणच तेवढे मुकलो.

आम्ही मात्र भोंग्याऐवजी पोथीची रीत उचलली. दर गुरुवारी रात्री तासभर ग्रामपंचायतीत बसायचं. दारात एक पाटी ठेवलेली, मोबाईल तीत टाकून आत यायचं. एकानं कागद वाचायचा. पाण्याचा ठराव, रोजगार हमीचं पत्रक, पीकविम्याचा नियम, जे असेल ते. परिच्छेद झाला की थांबायचं. दुसऱ्यानं आपल्या भाषेत अर्थ सांगायचा. मग तिसऱ्यानं विचारायचं, “काय कळलं?” जाजम एकच. खांबाआड कुणी नाही, पाराखाली कुणी नाही.

फार मोठं काही झालेलं नाही. पहिल्या गुरुवारी चाळीस माणसं होती, सुगीत अकरा उरली. एकदा तर आम्ही चौघंच होतो. पाटीतला मोबाईल वाजला की अजून सगळ्यांच्या माना तिकडं वळतात. पण यंदाचा पाण्याचा ठराव तीन गुरुवार वाचला, त्यावर भांडणंही तिथंच झाली, आणि तलावावर अजून एकही मोटार चढलेली नाही. आता वैशाख काय दाखवतो ते बघायचं.

येत्या गुरुवारी टाकीच्या खर्चाचा हिशोब आहे. वाचायची पाळी दहावीतल्या एका पोरीची. अर्थ सांगायला वस्तीतली एक मावशी आहे. तिला वाचता येत नाही, पण मागच्या हिशोबातली चूक तिनंच कानानं धरली होती.